भाचा वाचला, बाबा गेले: फिल्टर तोच होता का?

पत्र

डॉक्टर, तीन महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. वय ७१. आतड्याला छिद्र पडून पोटात पू झाला होता. पहिल्याच रात्री ऑपरेशन झालं, अँटिबायोटिक लगेच सुरू झाली. पण तिसऱ्या दिवशी बीपी सुटलं, लघवी बंद झाली. सेप्सिस झालाय, म्हणजे संसर्गापायी एकेक अवयव बंद पडू लागलाय, असं सांगितलं. त्या रात्री दवाखान्यात मी एकटीच होते. साडेअकराच्या सुमारास आयसीयूतले डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "रक्त शुद्ध करणारा एक फिल्टर लावून बघता येईल. उपयोग होईलच असं नाही. प्लेटलेट ४० हजारांवर आल्यात, रक्तस्रावाची भीती आहे. तुम्ही ठरवा." मी म्हटलं, दादा सकाळी पोचतोय, तोवर थांबू या. पहाटे पाचला बाबा गेले.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या मुलाने फिटच्या गोळ्या, कार्बामाझेपिनच्या, फार जास्त घेतल्या होत्या. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. घरात त्याला 'गोळ्यांचा गोंधळ' म्हणतात, त्यापुढे कुणी बोलत नाही. बेशुद्ध होता, व्हेंटिलेटरवर होता. त्याचं रक्त कोळशाच्या फिल्टरमधून फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने डोळे उघडले. आता दादा चारचौघांत म्हणतो, "माझा मुलगा ज्या मशीनने वाचला ते मशीन दारात उभं होतं आणि हिने नको म्हटलं." मी चुकले का? आणि पुन्हा कुणावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना काय विचारायचं असतं?

उत्तर

ताई, कारणं नंतर सांगते, उत्तर आधी. नाही, तुम्ही चुकला नाहीत. आयसीयूमध्ये तीस वर्षं काढलेली डॉक्टर म्हणून सांगते, त्या रात्री आत माझे वडील असते आणि मला कुणी हाच प्रश्न विचारला असता, तर "लावाच" असं मी म्हटलं नसतं.

तुमच्या दादांचं वाक्य ऐकणाऱ्याला बिनतोड वाटणार, कारण त्यातला निम्मा भाग खरा आहे. त्यांच्या मुलाला तो उपचार मिळाला आणि मुलगा सावरला. मशीनही बहुधा त्याच जातीचं असेल, पंप तसाच, नळ्या तशाच, स्टँडला उभी लावलेली वीतभर नळकांडीही लांबून तशीच दिसते. पण भाच्याच्या रक्तातून काय काढायचं होतं आणि बाबांच्या रक्तातून काय काढायचं होतं, हे शेजारी शेजारी ठेवून बघितलं की ते वाक्य उभं राहत नाही. तेवढं मी तुम्हाला नीट समजावून सांगणार आहे, म्हणजे दादांशी बोलताना तुमच्या हातात काही असेल.

फिल्टर या शब्दानेच घोटाळा होतो. फिल्टर म्हटलं की डोळ्यांसमोर गाळणं येतं. डायलिसिस हे खरंच गाळण्याच्या जवळचं आहे: एक पातळ पडदा, त्याला अतिसूक्ष्म छिद्रं, अलीकडे रक्त, पलीकडे पाणी आणि क्षार. पाण्यात विरघळणारे छोटे रेणू छिद्रांतून पलीकडे जातात. पण अनेक औषधं रक्तात मोकळी फिरत नाहीत, अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला धरून बसतात. अल्ब्युमिन छिद्रातून जात नाही, म्हणून औषधही जात नाही. अशा वेळी हिमोपरफ्युजन कामाला येतं, म्हणजे तुमच्या भाच्याला दिलेला उपचार. यात पडदा नाही, छिद्रांतून गाळणं नाही. रक्त थेट कोळशाच्या किंवा रेझिनच्या, म्हणजे राळेसारख्या कृत्रिम पदार्थाच्या, दाण्यांमधून वाहतं आणि औषध त्या दाण्यांना चिकटून राहतं. वाळलेल्या गवतातून चाललं की कुसळं कपड्याला चिकटतात आणि माणूस पुढे निघून जातो, तसं. हा कोळसा चुलीतला नव्हे. तो खास प्रक्रिया करून आतून पोखरलेला असतो. एका ग्रॅमच्या आतल्या भेगा-बिळांचा पृष्ठभाग उलगडून पसरला तर ५०० ते १००० चौरस मीटर, कधी त्याहूनही जास्त भरतो. अल्ब्युमिनच्या हातातलं औषधसुद्धा तो ओढून घेऊ शकतो.

हे काम जवळून कसं दिसतं तेही सांगते, कारण दादांच्या मनात त्या यंत्राची जी मूर्ती बसली आहे तिला थोडं जमिनीवर आणायला हवं. मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत करंगळीपेक्षा बारीक, दोन नळ्यांचा कॅथेटर घालतात. या दाण्यांनी भरलेली नळकांडी आधी सलाइनने धुवायची असते. नर्स ती उभी धरून तळहाताने टपटप ठोकते, आत अडकलेले बुडबुडे एकेक करून वर सुटतात. मग रक्त खालून आत सोडतात, म्हणजे उरलीसुरली हवा वरून निघून जाते. रेझिनचे दाणे पांढरट असतात. ते तळापासून लाल होत जातात आणि लाल रेघ सावकाश वर चढते, तेव्हा कितीही वर्षं काम केलेलं असो, माणूस दोन मिनिटं बघत राहतो. मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर रक्त फिरतं. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं, म्हणजे अंगातल्या सगळ्या रक्ताइतकं रक्त दर २५ मिनिटांनी त्या नळकांडीतून जातं. दोन-तीन तासांत दाणे भरतात, चिकटायला जागा उरत नाही, आणि नळकांडी बदलावी लागते.

मात्र त्या दाण्यांना वाईट तेवढंच चिकटत नाही. प्लेटलेट चिकटतात, साखर आणि कॅल्शियम उतरू शकतं, रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपॅरिनसुद्धा कोळसा शोषून घेतो, म्हणून ते जास्त द्यावं लागतं. आणि अँटिबायोटिकही चिकटतात. हे ध्यानात ठेवा, बाबांच्या बाबतीत पुन्हा यावर येणार आहे.

आता भाचा. त्याच्या रक्तात एक औषध होतं, नाव ठाऊक असलेलं, कोळशाला घट्ट चिकटणारं. पोटात गेलेल्या गोळ्यांपलीकडे नवा पुरवठा नव्हता, आणि त्या औषधाचा बऱ्यापैकी वाटा रक्तात सापडत होता. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. शरीर म्हणजे एक मोठं शेत आणि रक्त म्हणजे त्यातली विहीर असं समजा. आपण उपसा फक्त विहिरीतून करू शकतो. दम्यावरच्या थिओफिलिनसारखं औषध विहिरीच्या आसपासच राहतं. शरीराच्या किलोमागे अर्ध्या लिटरभर जागेत पसरल्यासारखा त्याचा हिशेब येतो. उपसलं की भराभर उतरतं. कार्बामाझेपिनचा हिशेब थोडा जास्त, किलोमागे लिटरभराच्या आसपास, तरी आवाक्यातला. उलट नैराश्यावरच्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्यांचा हिशेब किलोमागे १० लिटरच्या पुढे जातो. याचा अर्थ औषध जवळजवळ सगळं मातीत मुरलंय, विहिरीत नावापुरतं आहे. विहीर कोरडी केली तरी शेत तसंच. अशा विषबाधेत फिल्टर कितीही चांगला असला तरी हाती काही लागत नाही. आणि जिथे लागतं तिथेही उपसा थांबला की झऱ्यातून पाणी पुन्हा येतं. रक्तातली पातळी काही तासांनी परत वर चढते, म्हणून एकदा फिल्टर लावून मोकळं होता येत नाही, लक्ष ठेवावं लागतं.

दादांना ऐकायला जड जाईल अशी एक गोष्टही खरी आहे. कार्बामाझेपिनच्या विषबाधेत माणसाला जिवंत ठेवतं ते व्हेंटिलेटर, फिट थांबवणारी औषधं, हृदयाच्या तालावरची नजर आणि रात्रभर जागणारी नर्स. फिल्टरने बेशुद्धीचा काळ कमी होतो, शरीर स्वतः जे चार-पाच दिवसांत करेल ते लवकर होतं. ते मोलाचंच आहे, व्हेंटिलेटरवरचा प्रत्येक दिवस धोक्याचा असतो. पण "मशीनने वाचला" या दोन शब्दांत बाकीची सगळी माणसं आणि सगळं काम पुसून जातं. विषबाधेत रक्त शुद्ध करण्याच्या पद्धतींवर वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांचा एक्स्ट्रिप नावाचा गट एकेका विषावर शिफारशी काढतो. तोही आज कार्बामाझेपिनसाठी साध्या डायलिसिसला पहिली पसंती देतो आणि कोळशाच्या फिल्टरला, डायलिसिस मिळत नसेल तर चालेल, असं म्हणतो. डायलिसिसचे पडदे इतके सुधारले आहेत की पूर्वी ज्यासाठी कोळसा लागायचा त्यातलं बरंच काम आता ते करतात, आणि प्लेटलेटही वाचतात.

कोळशाचे दिवस होते ते वेगळे. १९६४ मध्ये अथेन्सच्या यात्झिडिस या डॉक्टरांनी रुग्णाचं रक्त थेट कोळशाच्या दाण्यांतून फिरवलं. झोपेच्या बार्बिच्युरेट गोळ्यांनी बेशुद्ध झालेली माणसं तेव्हा सगळीकडे भरती होत होती, त्यांच्यासाठी हा मोठा आधार वाटला. पण कोळशाची भुकटी रक्तात जायची, प्लेटलेट कोसळायच्या, थंडी वाजून ताप यायचा. माँट्रियलच्या थॉमस चँग यांनी दाण्यांवर पातळ पापुद्रा चढवला, तेव्हा ते वापरण्याजोगं झालं. मग लोकांना वाटू लागलं की विष काढतो तर यकृत निकामी झाल्यावर साचणारी घाणही काढेल. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने सुरुवातीला फार आशादायक अनुभव मांडले. पुढे त्याच हॉस्पिटलने चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्ण गटांत वाटून नीट तुलना केली आणि १९८८ मध्ये प्रामाणिकपणे लिहिलं की कोळशाच्या फिल्टरने जास्त माणसं वाचत नाहीत. आधीच्या यशाचं कारण चांगली देखभाल हे होतं. या विषयात मला कुणाबद्दल सर्वांत जास्त आदर वाटत असेल तर तो त्या मंडळींबद्दल. स्वतःच्या आशेची परीक्षा घेऊन निकाल छापणं सोपं नसतं.

बाबांच्या आजारात हाच धडा पुन्हा गिरवला गेला आहे, म्हणून एवढं सांगितलं.

सेप्सिसमध्ये एक ओळखीचं विष नसतं. पोटातले जंतू, त्यांच्या भिंतींचे तुकडे म्हणजे एंडोटॉक्सिन, आणि त्यांना तोंड द्यायला आपल्याच शरीराने सोडलेली शेकडो रसायनं, ज्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातली काही नुकसान करतात, काही जंतूंशी लढतात, काही लढाई थांबवायला निघालेली असतात. नळकांडी त्यांच्यात निवड करत नाही. पुरवठाही थांबलेला नसतो. पेशी ती रसायनं तयार करतच असतात. आणि बिघाड मुख्यतः रक्तात नसतो, तो फुप्फुसांत, मूत्रपिंडांत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आधीच होऊन गेलेला असतो. विहीर उपसून तिथपर्यंत हात पोचत नाही.

तरी कल्पना मोहक आहे, आणि प्रयत्न झाले हे बरंच झालं. जपानने पॉलिमिक्सिन बी हे अँटिबायोटिक धाग्यांवर पक्कं बसवून एंडोटॉक्सिन पकडणारी नळकांडी तयार केली, ती तिथे १९९४ पासून वापरात आहे. २००९ मध्ये इटलीतल्या एका अभ्यासात पोटातल्या संसर्गाचे ६४ रुग्ण होते. नळकांडी लावलेल्यांत २८ दिवसांत ३२ टक्के गेले, न लावलेल्यांत ५३ टक्के. वाचून आम्ही सगळे हरखलो होतो. मी स्वतः तो निबंध छापून आयसीयूच्या फळ्यावर लावला होता.

मग २०१५ मध्ये फ्रान्सचा अभ्यास आला, आणि ताई, हा भाग दोनदा वाचा, कारण त्यातले रुग्ण म्हणजे तुमचे बाबाच होते. आतडं किंवा पोटातला दुसरा अवयव फुटला, पू झाला, तातडीचं ऑपरेशन झालं आणि बीपी सुटलं, अशाच २३२ लोकांचा तो हिशेब होता. नळकांडी लावलेल्यांपैकी २७.७ टक्के २८ दिवसांत गेले, न लावलेल्यांपैकी १९.५ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून नळकांडीने माणसं मारली असं मी म्हणणार नाही. पण तिने वाचवली असं तर कुणालाच म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ४५० रुग्णांवर आणखी काटेकोर परीक्षा झाली. त्यात निम्म्या रुग्णांजवळ उपचाराचा नुसता देखावा उभा केला होता, म्हणजे कुणाला खरा उपचार मिळतोय हे उपचार करणाऱ्यांनाही कळू नये. मृत्यू ३७.७ टक्के विरुद्ध ३४.५ टक्के, कमी आकडा देखाव्याच्या बाजूला. २०२१ च्या जागतिक सेप्सिस मार्गदर्शिकेत म्हणूनच पॉलिमिक्सिनची नळकांडी वापरू नये असा सल्ला आहे, आणि इतर नळकांड्यांबद्दल शिफारस करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलंय.

सायटोकाइन शोषणाऱ्या नळकांड्यांची कोविडच्या काळात फार चर्चा झाली, तुमच्याही कानावर आलं असेल. जर्मनीतल्या फ्रायबुर्गला एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर, असलेल्या ३४ कोविड रुग्णांत तुलना झाली. फिल्टर लावलेल्या १७ पैकी ३ जण ३० दिवसांनी हयात होते, न लावलेल्या १७ पैकी १३. आणि जे रसायन कमी व्हायला हवं होतं, इंटरल्यूकिन-६, ते ७२ तासांनी दोन्ही गटांत सारखंच होतं. अभ्यास लहान आहे, त्यावरून शेवटचा शब्द देता येणार नाही. पण "लावून बघायला काय हरकत आहे?" हे वाक्य मी त्या दिवसापासून उच्चारलेलं नाही.

त्याआधी उच्चारलं होतं. एका कुटुंबाला मी कॉरिडॉरमध्ये उभं राहून "आता हाच एक उपाय उरलाय" असं सांगितलं होतं. तो उपाय होता का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नळकांडी होती, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्यांनी घरातलं होतं नव्हतं ते गोळा केलं. रुग्ण दुसऱ्या दिवशी गेला. त्या कुटुंबातल्या मुलीचा चेहरा मला तुमचं पत्र वाचताना आठवला. तिने सही केली होती आणि तीही आयुष्यभर काहीतरी घेऊन फिरत असेल.

म्हणून तुमच्या त्या रात्रीच्या डॉक्टरांबद्दलही एक बोलते. त्यांनी खरं सांगितलं, उपयोगाची खात्री दिली नाही, धोका लपवला नाही. ते चांगलंच. पण "तुम्ही ठरवा" हे वाक्य त्यांनी मागे ठेवायला हवं होतं. ज्या उपचाराचा फायदा पक्का झालेला नाही, तो रात्री साडेअकरा वाजता एकट्या मुलीच्या डोक्यावर ठेवायचा नसतो. "माझं मत असं आहे" हे डॉक्टरांनी म्हणायचं असतं आणि मग घरच्यांना विचारायचं असतं.

समजा, तुम्ही हो म्हटलं असतंत. ४० हजार प्लेटलेट असताना मोठ्या शिरेत जाड कॅथेटर घालायचा, सगळी तयारी करायची, यात एक-दीड वाजला असता. सुरू करताना काही रक्त शरीराबाहेर नळ्यांत जातं, सुटलेलं बीपी त्याने आणखी सुटू शकतं. प्लेटलेट अजून उतरल्या असत्या. ज्या अँटिबायोटिकवर सगळी भिस्त होती त्यांचा काही भाग दाण्यांना चिकटला असता. तुमच्या पत्रात लिहिलंय की पहिल्याच रात्री ऑपरेशन झालं आणि अँटिबायोटिक लगेच सुरू झाली. सेप्सिसमध्ये माणसं वाचतात ती यानेच: पू काढून टाकणं, योग्य अँटिबायोटिक लवकर, सलाइन, बीपी धरून ठेवणारी औषधं. हे सगळं बाबांना मिळालं होतं. मिळूनही ते गेले, कारण आजारच तेवढा भयंकर होता. हे वाक्य लिहिताना माझा हात जड झालाय, पण तेच खरं आहे.

तुम्ही विचारलंय की पुढे काय विचारायचं. मी तरी आधी हेच विचारीन: रक्तातून नेमकं काय काढणार आहात, त्याचं नाव सांगा. नाव मिळालं तर विचारायचं, ते रक्तात पुरेसं आहे का, की अंगात मुरलंय? त्यावर उतारा आहे का, साधं डायलिसिस चालेल का? विषारी दारूतलं मिथेनॉल आणि मानसिक आजारावरचं लिथियम कोळशाला जवळजवळ चिकटतच नाहीत, तिथे डायलिसिसच लागतं. पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटिलसिस्टीन आहे. हृदयावरच्या डिगॉक्सिनला अँटिबॉडीचं इंजेक्शन आहे. पिकांवरच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिन आणि श्वासाचा आधार याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. फिल्टरच्या शोधात त्याला उशीर झाला तर फिल्टर मिळूनही उपयोग नाही. पॅराक्वॉट या तणनाशकाला मात्र उतारा नाही, ते कोळशाला चिकटतं, पण काही तासांत फुप्फुसात जाऊन बसतं, त्यामुळे तिथे फिल्टर लावायचाच असेल तर तो सुरुवातीच्या काही तासांत. नंतर लावण्यात अर्थ उरत नाही. म्हणून कुणाच्याही पोटात विष गेल्याचा नुसता संशय आला तरी मोठं मशीन कुठे आहे ते शोधत फिरायचं नाही. सर्वांत जवळच्या दवाखान्यात जायचं आणि सोबत बाटली, गोळ्यांचं रिकामं पाकीट, जे सापडेल ते न्यायचं. त्या पाकिटावरच्या नावाने जेवढा वेळ वाचतो तेवढा कुठल्याच यंत्राने वाचत नाही.

आणि फिल्टर लावायचं ठरलंच तर हेही विचारा: कशावरून ओळखणार की फायदा होतोय, आणि किती तासांनी थांबणार? याचं सरळ उत्तर देणारा डॉक्टर विचार करून सांगतोय असं समजायला हरकत नाही. सेप्सिसमध्ये विचारलं आणि उत्तर मिळालं, "आम्ही हे एका अभ्यासाचा भाग म्हणून करतोय," तर तेही चांगलं उत्तर आहे. नीट माहिती घेऊन हो म्हणावं किंवा नाही म्हणावं.

नळकांड्या वाईट नाहीत, हेही दादांना सांगा. अंगावर उलटलेल्या अँटिबॉडी काढायला, औषधांना न जुमानणारं वारशाने आलेलं कोलेस्टेरॉल उतरवायला, वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या सांध्यांत साचणारं प्रथिन कमी करायला त्या वापरतात आणि तिथे त्यांचा गुण येतो. सगळीकडे प्रश्न तोच, काय काढायचंय?

आता तुमच्या घराबद्दल. दादा तुमच्यावर चिडलेले नाहीत असं मी म्हणणार नाही, चिडलेलेच आहेत. पण त्या रात्री ते प्रवासात होते, बाबांजवळ नव्हते. तुम्ही त्यांची वाट पाहायचं ठरवलंत, म्हणजे त्यांच्या मनात हे दुसऱ्या बाजूनेही टोचत असणार: "मी आधी पोचलो असतो तर." ते स्वतःला विचारण्यापेक्षा तुम्हाला विचारणं त्यांना सोपं जातंय. बाबांच्या केसपेपरची प्रत दवाखान्याकडे रीतसर मागा. ती घेऊन, दोघांनी मिळून, त्या आयसीयूच्या प्रमुख डॉक्टरांची वेळ घ्या. तुम्ही एकटीने जाऊन परत येऊन सांगू नका. ते पुन्हा तुमचं म्हणणं होईल. दादांना स्वतःच्या तोंडाने विचारू द्या, "फिल्टर लावला असता तर?" आणि उत्तर त्यांच्या कानांनी ऐकू द्या. चारचौघांत पुन्हा ते वाक्य निघालं तर एवढंच म्हणा, "दादा, आपण डॉक्टरांकडे दोघं जाऊ, इथे नको." जास्त बोलू नका.

शेवटचं, आणि पत्र वाचताना माझा जीव सर्वांत जास्त इथेच अडकला. तुमचा भाचा आता १९ वर्षांचा असेल. 'गोळ्यांचा गोंधळ' म्हणून घराने झाकून टाकलेली ती गोष्ट वडील आता दर चारचौघांत काढतात, आणि तीही अशी की मशीन त्याच्या वाट्याला आलं, आजोबांच्या नाही. तो मुलगा हे ऐकतोय. त्याच्या मनात काय जुळतंय याचा कुणी विचार केलाय का? त्यानंतर त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं होतं का, तो अजून जातो का, त्याच्या गोळ्या घरात कुणाच्या ताब्यात असतात, हे तुमच्या पत्रात नाही. हे या आठवड्यात पाहा. एकदा असं करून बसलेल्या मुलाला घरातल्या मृत्यूनंतरचे महिने फार अवघड जातात. आत्याशी मुलं बोलतात, आईवडिलांशी बोलत नाहीत ते बोलतात. त्याला तुमच्याकडे बोलवा, दोन दिवस राहू द्या. सरळ विचारा की पुन्हा जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नाही म्हणाला तर आजोबांबद्दल बोला, ते कसे होते, त्याच्यावर त्यांचा किती जीव होता. आणि फिल्टरचा विषय त्याने काढला तर त्याला सांगा की त्याच्या रक्तात एक औषध होतं आणि ते निघालं, आजोबांचा आजार वेगळा होता, आणि त्याचं काहीही त्याने आजोबांकडून घेतलेलं नाही.